आईची जळजळ, मुलाचा मुतखडा, वडिलांचे प्रोस्टेट: मूत्रमार्गाच्या तक्रारी आणि त्यांचे उपचार

दिंडोरी तालुक्यातील एका तरुण द्राक्ष बागायतदाराने विचारलेला प्रश्न असा: "आईचे वय ५७, बरीच वर्षे मधुमेह आहे. दिवाळीपासून तीन वेळा लघवीला जळजळ झाली. प्रत्येक वेळी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी दोन-तीन दिवसांत बरे वाटले आणि काही आठवड्यांनी त्रास पुन्हा सुरू झाला. मला स्वतःला महिन्यापूर्वी डाव्या मूत्रवाहिनीत ७ मिलिमीटरचा खडा निघाला, पण आता दुखत नाही. वडील ६९ वर्षांचे आहेत. रात्री चार वेळा उठतात, धारही बारीक झाली आहे. हे सगळे आमच्या बोअरच्या पाण्यामुळे होते का? आणि ऑपरेशन कोणाला लागेल?"

पाण्याबद्दल आधी लिहितो, कारण सिन्नर, येवला, चांदवड भागातून येणारे रुग्णही हाच प्रश्न विचारतात. बोअरचे पाणी जड असते, त्याचा पांढरा थर भांड्याच्या तळाशी बसतो, म्हणून तसाच थर मूत्रपिंडात साचत असेल हा तर्क स्वाभाविक आहे. परंतु शरीरात तसे घडत नाही. प्यालेले पाणी आतड्यातून रक्तात जाते, मूत्रपिंड ते रक्त गाळते, आणि त्या गाळलेल्या लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट किंवा युरिक ॲसिड यांचे प्रमाण पाण्याच्या मानाने वाढले की त्यांचे स्फटिक होऊन खडा तयार होतो. जड पाण्याने खडे होतात असे ठामपणे सांगता येईल इतका पुरावा अभ्यासांतून मिळालेला नाही. पाणी कमी प्यायल्याने होतात याचा मात्र भरपूर पुरावा आहे. जंतुसंसर्गाचा आणि प्रोस्टेटचा तर पाण्यातील क्षारांशी संबंधच नाही. केवळ या कारणासाठी आरओ यंत्र घेण्याचा विचार असेल, तर तो पैसा आधी तिघांच्या तपासण्यांवर खर्च करावा, असे मी सुचवीन.

आईंचा त्रास हा मूत्राशयाचा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा सुमारे २०; शिवाय स्त्रियांमध्ये तो गुदद्वारापासून जवळ उघडतो, त्यामुळे आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे ई. कोलाय हे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. जळजळ, वारंवार आणि घाईने लघवी लागणे, प्रत्येक वेळी थोडीच होणे, ओटीपोटात दुखणे, लघवी गढूळ होणे ही त्याची लक्षणे होत. भर उन्हात काम केल्याने लघवी घट्ट होऊन उन्हाळी लागते, तेव्हा धण्याचे पाणी, ताक, सब्जा आणि मुख्य म्हणजे भरपूर पाणी घेतल्यावर एक-दोन दिवसांत जळजळ शमते, त्याला औषध लागत नाही. परंतु दिवाळीपासून, म्हणजे ऐन थंडीच्या महिन्यांतही पुन्हा पुन्हा होणाऱ्या जळजळीला उन्हाचे कारण देता येत नाही. सहा महिन्यांत दोन किंवा वर्षभरात तीन संसर्ग झाले की आम्ही तो वारंवार होणारा संसर्ग समजतो, आणि मग नुसती पुढची गोळी देऊन भागत नाही, संसर्ग परत का येतो याचा शोध घ्यावा लागतो.

त्याची पहिली पायरी म्हणजे लघवीचे कल्चर, आणि ते प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याच्या आधी. जागा पाण्याने स्वच्छ करून, सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेची लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत घ्यावी. ती साधारण दोन तासांच्या आत पोहोचली पाहिजे. गावाहून नाशिकला आणायला वेळ लागणार असेल तर बर्फावर ठेवून आणावी, नाहीतर वाटेतच जंतू वाढून निकाल दिशाभूल करतो. निकालाला दोन ते तीन दिवस लागतात. तोपर्यंत आई त्रास सोसत बसतील असे नाही. नमुना दिल्यावर लगेच औषध सुरू करता येते आणि निकाल पाहून गरज पडल्यास बदलता येते. साध्या तपासणीत पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, दिसतात, पण जंतू कोणता आणि त्याला कोणते औषध लागू पडते हे फक्त कल्चर सांगते.

दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्या पुष्कळदा सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा नॉरफ्लॉक्सॅसिन यांपैकी असतात. आपल्या देशात या गटाला दाद न देणाऱ्या ई. कोलायचे प्रमाण खूप मोठे आहे. दोन दिवस गोळी घेऊन बरे वाटते, गोळ्या थांबतात, टिकून राहिलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि पुढच्या वेळी तीच गोळी कमी उपयोगी पडते. मूत्राशयापुरत्या मर्यादित संसर्गासाठी आज नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच पुडी, ही औषधे पहिल्या पसंतीची आहेत. नायट्रोफ्युरँटॉइन देण्याआधी रक्तातील क्रिएटिनिन पाहावे लागते, कारण मूत्रपिंडाचे काम फार कमी झालेले असेल तर ते चालत नाही. जळजळीसाठी जे गोड सिरप सर्रास दिले जाते ते लघवीची आम्लता कमी करून आराम देते, जंतू मारत नाही; आणि नायट्रोफ्युरँटॉइनचा प्रभाव आम्ल लघवीत अधिक असल्याने ही दोन औषधे एकत्र दिलेली मला पटत नाहीत.

आईंना मधुमेह असल्यामुळे एक गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. जळजळीबरोबर ताप, हुडहुडी, उलट्या किंवा बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणे सुरू झाले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आहे असे समजून त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. साखर अनियंत्रित असलेल्या रुग्णांत हा संसर्ग कधी कधी इतका झपाट्याने वाढतो की मूत्रपिंडात वायू तयार होतो, आणि तेव्हा तोंडाने घेण्याच्या गोळ्यांवर काढलेला एक दिवसही जिवावर बेतू शकतो.

मधुमेहाची कोणती गोळी चालू आहे हेही पाहावे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे योनिमार्गाजवळ बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो, आणि त्याचीही जळजळच होते, फक्त तिच्याबरोबर खाज आणि पांढरा स्राव असतो. त्याला बुरशीचे औषध लागते, प्रतिजैविकाने तो उलट वाढतो. मात्र ही गोळी परस्पर बंद करू नये, कारण हृदय आणि मूत्रपिंड यांना तिचा मोठा फायदा असतो. काय करायचे ते मधुमेहाच्या डॉक्टरांना ठरवू द्यावे. मधुमेहामुळे मूत्राशयाच्या नसा मंदावल्या असतील तर लघवी पूर्ण बाहेर पडत नाही आणि उरलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. यासाठी सोनोग्राफी सांगताना लघवी केल्यानंतर आत किती उरते हेही मोजायला सांगावे.

पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होते, योनीची त्वचा पातळ होते, तिथले संरक्षक जंतू घटतात आणि संसर्ग वाढतात. या वयातील स्त्रियांसाठी योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम हा अत्यंत उपयुक्त आणि दुर्दैवाने फार कमी वापरला जाणारा उपाय आहे. हार्मोन म्हटले की घरचे घाबरतात. परंतु मलमातून रक्तात जाणारे प्रमाण अत्यल्प असते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी संबंधित तज्ज्ञांना विचारावे, एवढी काळजी पुरते. तीन महिने नियमित वापरल्याशिवाय गुण आला की नाही हे सांगता येत नाही.

संसर्ग टाळण्यासाठी पाणी वाढवण्याचा सल्ला सगळेच देतात, आणि त्याला आधारही आहे. पाळी चालू असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त घेतल्यावर संसर्ग जवळपास निम्म्यावर आले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले. इथे मला आपल्या बागेतील कामाविषयी आवर्जून लिहायचे आहे. विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणे), काढणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजूर बाया तर कित्येक आठवडे बागेतच राहतात. आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लागलेली लघवी संध्याकाळपर्यंत दाबून ठेवतात. त्यांना पाणी प्या असे सांगणे निरर्थक आहे, जोवर जवळपास दार लावता येईल असे शौचालय नाही. आपण बागायतदार आहात, आपल्याच आईचा प्रश्न घेऊन आला आहात; ही सोय करणे आपल्या हातात आहे आणि ती आपण करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याउलट एक चूक अतिउत्साहाने होते. कसलाही त्रास नसताना तपासणीत जंतू सापडले, तर वयस्क किंवा मधुमेही रुग्णालाही प्रतिजैविक देऊ नये. त्याने फायदा होत नाही आणि जंतू मात्र औषधांना सरावतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया हे दोन मुख्य अपवाद. आणि त्रास चालूच आहे, पस सेल्स भरपूर आहेत, पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही असे पुन्हा पुन्हा झाले, तर आपल्या देशात मूत्रमार्गाच्या क्षयरोगाचा विचार केलाच पाहिजे. त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात, औषधे साधारण सहा महिने चालतात आणि सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून ती विनामूल्य मिळतात. उशीर झाला तर मूत्राशय आकसून कायमचे लहान होते.

आता आपल्या खड्याविषयी. आपल्याला दुखत नाही, याची मला आईंच्या जळजळीपेक्षा जास्त काळजी वाटते. खडा मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत, अडकला की वर लघवी तुंबते, मूत्रपिंडावर अचानक ताण येतो आणि कळा येतात. अडथळा तसाच राहिला तर काही दिवसांनी मूत्रपिंड गाळण्याचे काम कमी करते, आतला दाब उतरतो आणि कळा थांबतात. खडा पडला असेल तरीही दुखणे थांबते आणि अडकून बसला असेल तरीही थांबते. या दोन स्थितींतील फरक रुग्णाला स्वतःला कळू शकत नाही. महिना उलटला आहे, खडा पडताना दिसलेला नाही, तेव्हा आपण या आठवड्यातच सोनोग्राफी करून मूत्रपिंडाला सूज आहे का ते पाहावे, आणि शंका राहिल्यास साधा, म्हणजे औषध न टोचता केलेला, सीटी स्कॅन करावा. खड्याचे नेमके स्थान आणि आकार त्याइतका अचूक दुसऱ्या कशातच दिसत नाही. तिघांपैकी आधी आपण यावे, असे मी म्हणतो ते यासाठी.

५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांपैकी साधारण निम्मे पडतात, आणि खडा जितका मूत्राशयाच्या जवळ तितकी शक्यता अधिक. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातील अशा खड्यासाठी टॅम्सुलोसिन ही गोळी मदत करते. ताप नसेल, मूत्रपिंडाचे काम ठीक असेल, वेदना आटोक्यात असतील, तर चार ते फार तर सहा आठवडे वाट पाहणे योग्य आहे, त्यापुढे नाही. मग दुर्बिणीने मूत्रमार्गातून वर जाऊन लेझरने खडा फोडतात, त्यात कुठेही छेद घ्यावा लागत नाही. मूत्रपिंडातील खड्यांचे गणित वेगळे आहे. २ सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी पाठीतून छिद्र घेऊन केलेली पीसीएनएल अधिक खात्रीची, त्याहून लहान खड्यांसाठी लवचीक दुर्बीण किंवा बाहेरून लहरी देऊन खडा फोडण्याची पद्धत, जी १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरली गेली. युरिक ॲसिडचा खडा असेल तर पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता कमी करून तो विरघळवताही येतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा, जो सर्वाधिक आढळतो, कोणत्याच औषधाने विरघळत नाही.

कुळथाचे कढण आणि पानफुटीची पाने यांबद्दल आपण विचारले नसले तरी कोणीतरी सुचवलेच असेल. कुळीथ हे अन्न आहे, खुशाल खावे. परंतु ४ मिलिमीटरचा खडा पाल्याने पडला असे ज्यांना वाटते, त्यांचा तो बहुधा तसाही पडला असता. आणि याच भरवशावर मोठ्या खड्याकडे दुर्लक्ष करून निकामी झालेली मूत्रपिंडे मी पाहिली आहेत.

शस्त्रक्रियेनंतर अनेकदा मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवतात. ती असेपर्यंत घाईने लघवी लागणे, लघवी करताना कमरेत कळ येणे, अधूनमधून लालसर लघवी होणे हे अपेक्षित आहे. नळी काढण्याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावी आणि घरातील दुसऱ्या एका माणसालाही सांगून ठेवावी. त्रास थांबला म्हणून किंवा द्राक्षाचा हंगाम आला म्हणून ती राहून जाते. काही महिन्यांनी तिच्यावरच खडे जमतात, आणि जी नळी काही मिनिटांत निघाली असती तिच्यासाठी एकाहून अधिक शस्त्रक्रिया कराव्या लागतात. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला खडा अडकला, किंवा लघवी होणेच बंद झाले, तर त्याच रात्री तुंबलेल्या मूत्रपिंडाला वाट करून द्यावी लागते. तेव्हा सकाळची वाट पाहू नये.

खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी घ्यावे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या दिवसांत त्यासाठी किती प्यावे लागेल हे ठरावीक आकड्यात सांगता येत नाही, म्हणून लघवीचा रंग पाहावा. तो फिकट पिवळा राहिला पाहिजे. मीठ कमी करावे, म्हणजे लोणचे, पापड, फरसाण यांवर हात आखडता घ्यावा. दूध आणि दही बंद करू नये, कारण अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते; ते बंद केल्याने खडे वाढतात. टोमॅटोच्या बियांना विनाकारण दोष दिला जातो. बिअरने खडा पडतो हा समज तर सोडूनच द्यावा. निघालेला खडा मात्र फेकू नये, तपासणीला द्यावा. पुढचे पथ्य त्यावर अवलंबून असते.

वडिलांच्या बाबतीत घाई नाही, पण तपासणी हवी. पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथी हळूहळू वाढते आणि मूत्रमार्ग आवळला जातो: धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब गळत राहतात. तथापि रात्री चार वेळा उठण्याला प्रोस्टेटच कारण असते असे नाही. संध्याकाळचा चहा, पायावरची सूज, मधुमेह, घोरण्याचा विकार यांमुळेही रात्री लघवी जास्त तयार होते. यासाठी तीन दिवस मापाच्या मगात लघवी मोजून वेळेसह वहीत लिहावी. दिवसभराच्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून अधिक रात्री होत असेल, तर प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेने त्यांची झोप सुधारणार नाही. ही वही मला कित्येक महागड्या तपासण्यांपेक्षा उपयोगी वाटते. तिच्या जोडीला सोनोग्राफी, धारेचा वेग मोजणे, क्रिएटिनिन आणि पीएसए (प्रोस्टेटसाठी केली जाणारी रक्ताची तपासणी) पुरेसे होते.

टॅम्सुलोसिन प्रोस्टेटसाठीही दिली जाते. काही दिवसांत धार सुधारते, पण उठताना चक्कर येऊ शकते म्हणून रात्री घ्यावी. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू असल्याचे अवश्य सांगावे. ड्युटास्टेराइडने ग्रंथी लहान होते, त्याला सहा महिने लागतात आणि पीएसएचा आकडा जवळपास निम्मा होतो. तो वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. लघवी तुंबून नळी घालावी लागली आणि औषधाने सुटली नाही, वारंवार संसर्ग किंवा रक्तस्राव झाला, मूत्राशयात खडा झाला, मूत्रपिंडावर ताण आला, किंवा औषधांनी पुरेसा आराम पडला नाही, तर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी. शेजाऱ्यांनी करून घेतली हे कारण पुरेसे नाही. सर्दीच्या गोळ्यांमुळे अशा रुग्णांची लघवी अचानक अडकते, हे औषध दुकानात सहसा सांगितले जात नाही. वडिलांनी त्या न विचारता घेऊ नयेत.

यांपैकी कोणाच्याही लघवीत न दुखता रक्त दिसले, एकदाच दिसून थांबले तरी, ते उष्णतेवर ढकलू नये. विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात ते मूत्राशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते, आणि दुर्बिणीने आत पाहिल्याशिवाय तो नाही असे म्हणता येत नाही. लवकर सापडला तर तो दुर्बिणीनेच काढता येतो.

खर्चाची चिंता प्रश्नात लिहिलेली नसली तरी तीन रुग्ण एका घरात म्हटल्यावर ती असणारच. मुतखडा आणि प्रोस्टेटच्या अनेक शस्त्रक्रिया महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भेटावे आणि आपली शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होते का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्यावे.